भेदरं: आजीच्या गावरान टोमॅटोचं बी कसं राखू आणि फळं कशी साठवू?

मोगरा_दारचा | १४ डिसेंबर, सकाळी ९.१०

नमस्कार मंडळी,

माझं माहेर आर्वीजवळचं, जिल्हा वर्धा. आजीच्या परसात न्हाणीच्या पाण्यावर भेदरं व्हायची. लिंबाएवढी, जराशी चपटी, कडेनं चुण्या पडलेली आणि पिकली तरी देठापाशी हिरवीच राहणारी. साल इतकी पातळ की टोपलीत दोन थर रचले तर खालचा थर फुटायचा. चव आधी आंबट, मग मागून गोड. निखाऱ्यावर भाजायची, त्यात हिरवी मिरची, लसूण, मीठ आणि कोथिंबीर घालून पाट्यावर रगडायची. ती चटणी आणि ज्वारीची भाकर असली की आम्हा भावंडांना दुसरं काही लागत नसे.

आजी जाऊन दोन वर्षं झाली. घर आवरताना माळ्यावरच्या एका डब्यात धोतराच्या चिंधीची पुरचुंडी सापडली. गाठ सोडली तर आत राख आणि राखेत बी. आईनं लगेच ओळखलं. मागच्या वर्षी तिनं थोडं गावी पेरलं, पण काहीच उगवलं नाही. उरलेले चाळीसेक दाणे मी यंदा गणपतीत पुण्यात पेरले. सात उगवले आणि त्यातली चार रोपं जगली. आज ती गच्चीवर चार कुंड्यांत छातीएवढी झाली आहेत आणि पहिल्या घोसाला रंग चढायला लागला आहे.

आता धाकधूक वाटते. ही चार झाडं गेली तर हे वाण आमच्या घरातून संपलं. म्हणून तीन गोष्टी विचारायच्या आहेत. शेजारच्याच कुंड्यांत रोपवाटिकेतून आणलेली दोन संकरित टोमॅटोची झाडं आहेत, त्यांच्याशी संकर होईल का? बी काढायची नीट रीत कोणती? आणि फळं दोन दिवसांत मऊ पडतात, ती साठवायची कशी?

---

वऱ्हाडी_ठेचा | १४ डिसेंबर, ९.४२

भेदरं! किती वर्षांनी हा शब्द वाचला, ताई. आमच्या शाळेत गुरुजी एखाद्याला "भेदरल्यासारखा काय उभा आहेस?" म्हणाले की सगळा वर्ग खिदळायचा, कारण निम्म्यांच्या डब्यात भेदऱ्याची चटणी असायची. पश्चिमेकडे टंबाटी म्हणतात, आमच्याकडे मोठं ते टमाटर आणि लहान आंबट ते भेदरं. बी मिळालं तर मला पण हवं, आत्ताच नाव नोंदवतो.

---

कुंडीतली_शेती | १४ डिसेंबर, ११.०५

सगळ्यात आधी, ती दोन संकरित झाडं गच्चीच्या दुसऱ्या टोकाला न्या. घाबरू मात्र नका. टोमॅटोचं फूल स्वतःच स्वतःचं काम उरकतं. पिवळे पुंकेसर एकमेकांना चिकटून नळी तयार होते आणि स्त्रीकेसर त्या नळीच्या आत असतं. त्यामुळे बहुतेक वेळा त्याच फुलाचे पराग त्याच फुलाला लागतात. अडचण जुन्या वाणांत येते. त्यांच्यातल्या काहींत स्त्रीकेसराचं टोक नळीच्या बाहेर डोकावतं आणि मग बाहेरचे पराग बसायला वाव मिळतो. सकाळी उन्हात एक फूल हातात धरून भिंगातून बघा. टोक बाहेर दिसलं तर जपावं लागेल.

जपायचं कसं, तर हळदीकुंकवाला वाण देतात ना, त्या जाळीच्या छोट्या पिशव्या असतात. न उमललेल्या कळ्यांच्या घोसावर ती पिशवी चढवायची, खाली सैल गाठ मारायची. फुलं उमलली की रोज सकाळी दहाच्या सुमाराला काडीनं त्या घोसाला दोन-चार टिचक्या मारायच्या, पराग आतल्या आत झडतात. फळं वाटाण्याएवढी झाली की पिशवी काढून देठाला लाल दोरा बांधायचा. घरात सगळ्यांना सांगून ठेवायचं की लाल दोऱ्याचं फळ खायचं नाही. आमच्याकडे हे सांगायचं राहिलं आणि सासऱ्यांनी एका सकाळी मिठाबरोबर दोन्ही फळं खाल्ली. वर्षाचं बियाणं पोटात गेलं!

चारही झाडांचं बी घ्या. चारांतलं एखादं वेगळं वाटलं, समजा पानांचा आकार किंवा फळाचा रंग निराळा निघाला, तर त्याचं बी वेगळ्या पुडीत ठेवा.

---

भुंगा_आणि_फूल | १४ डिसेंबर, १२.३०

कुंडीतली_शेती यांच्या टिचकीबद्दल थोडं. टोमॅटोच्या नळीला टोकाशी बारीक भोकं असतात आणि पराग हादऱ्यानं बाहेर पडतात. आपली नेहमीची मधमाशी तो हादरा देऊ शकत नाही. काळा भुंगा आणि पोटावर निळे पट्टे असलेली एकटी राहणारी माशी फुलाला लटकून पंखांचे स्नायू थरथरवतात, तेव्हा पराग झडतात. कान देऊन ऐकलंत तर उडतानाचा आवाज आणि फुलावरचा आवाज वेगळा ऐकू येतो, फुलावरचा जास्त चिरका. ज्यांच्या गच्चीवर हे पाहुणे येत नाहीत त्यांनी बॅटरीवर चालणारा दात घासायचा ब्रश घोसाच्या देठाला टेकवावा.

---

खरं_ते_सांगतो | १४ डिसेंबर, १४.१८

एक मूलभूत शंका. टोमॅटो मूळचा दक्षिण अमेरिकेतला. पोर्तुगीजांबरोबर इकडे आला. आमच्या आजोळी श्राद्धाच्या स्वयंपाकात टोमॅटो चालत नाही, तो याच कारणानं. मग गावरान आणि देशी टोमॅटो हा शब्दच चुकीचा नाही का? बाजारात देशी म्हणून आंबट टोमॅटो दीडपट भावानं विकतात, त्यातलेही बरेच संकरितच असतात.

---

पानापानांत | १४ डिसेंबर, १५.००

@खरं_ते_सांगतो, मूळ परदेशी आहे हे बरोबरच. मिरची तिकडचीच, बटाटा तिकडचाच. पण भिवापूरच्या मिरचीला परकी म्हणायला जीभ रेटेल का? एकाच परसात वर्षानुवर्षं बी धरत गेलं की तिथलं ऊन, तिथलं पाणी, तिथली कीड सोसणारी झाडंच पुढे टिकतात. मोगराताईंच्या आजीनं तेच केलं. मी गावरान म्हणते ते या अर्थानं.

नावांचा गोंधळ मात्र खराच आहे. सरळ वाण म्हणजे ज्याचं बी पुन्हा पेरलं तर तसंच झाड येतं. पुसा रुबी, राहुरी विद्यापीठाचं धनश्री ही सुधारित वाणं, पण सरळ. त्यांचं बी खुशाल धरता येतं. एफ-१ संकरित म्हणजे दोन वेगळ्या वाणांचं पहिल्या पिढीचं बी. त्याचं बी पेरलं तर उगवतं, पण पुढच्या पिढीत कोणी आजीवर जातं, कोणी आजोबांवर. आणि तिसरी घराण्यात चालत आलेली वारसा वाणं, ज्यांना इंग्रजीत एअरलूम म्हणतात. भेदरं या तिसऱ्या घरातलं.

ताईंनी लिहिलेलं एक वाक्य मला फार महत्त्वाचं वाटलं, पिकलं तरी देठाशी हिरवं राहतं ते. हिरव्या खांद्यांचं फळ एकसारखं लाल दिसत नाही, म्हणून गेली सत्तरेक वर्षं पैदासकारांनी खांदे हिरवे नसलेली झाडं निवडली. २०१२ साली 'सायन्स'मध्ये त्यामागचं जनुक प्रसिद्ध झालं. त्या निवडीत जे जनुक निकामी झालं, तेच कच्च्या फळात हरितद्रव्य वाढवून तिथे साखर तयार करायला मदत करत होतं. म्हणजे रूप आलं आणि गोडी थोडी गेली. तुमच्या भेदऱ्याचे हिरवे खांदे कापून टाकू नका हो!

---

नारायणगावचा_पोरगा | १४ डिसेंबर, २१.३५

वाचतोय. आमच्या घरी तीन एकर टोमॅटो असतो, सगळा संकरित. दोन शब्द आमच्या बाजूनं.

शहरात सगळे म्हणतात हल्ली टोमॅटोला चव नाही, साल चामड्यासारखी. खरं आहे. पण पहाटे चारला तोडलेला माल क्रेटमध्ये भरायचा, नारायणगावच्या बाजारात लावायचा, तिथून तो गाडीत चढून दिल्लीकडे जाणार. पातळ सालीचं भेदरं हा प्रवास करू शकत नाही, आळेफाट्यालाच त्याचं सार होईल. जाड साल, घट्ट गर, एकसारखा आकार हे आम्हाला हौस म्हणून नको आहे, क्रेट फुटला तर आडत्या भाव पाडतो म्हणून हवं आहे. २०२३ च्या जुलैत शहरात किलोला दीडशेच्या वर भाव गेला तेव्हा सगळ्यांना टोमॅटो आठवला. त्याच वर्षी मे महिन्यात शेतकऱ्यांनी तो रस्त्यावर ओतला होता, कारण तोडणीची मजुरीही निघत नव्हती.

त्यात २०१४ पासून नागअळी महाराष्ट्रात आली. पानात बोगदे करते, फळात शिरते, औषधांना दाद देत नाही.

तरीही ताई, घराच्या वापराला माझी आई विहिरीच्या कडेला दोन झाडं वेगळी ठेवते. ती कुठल्या वाणाची हे आम्हालाही माहीत नाही, दरवर्षी आपोआप उगवतात. कालवणात तीच पडतात. तुम्ही वाण जपताय त्याबद्दल मनापासून हात जोडतो. एक सांगतो, झेंडू लावा. टोमॅटोचं रोप २५ दिवसांचं असताना शेजारी ४० दिवसांचं झेंडूचं रोप लागलं पाहिजे, म्हणजे दोघांना फुलं एकदम येतात आणि फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग अंडी घालायला झेंडूवर जातो. पांढऱ्या माशीसाठी पिवळे चिकट सापळे टांगा. पानं वाटीसारखी वळून बारीक झाली तर ते झाड लगेच उपटा, तो विषाणू आहे आणि माशी तो पुढच्या झाडाला नेते. दया दाखवू नका.

---

मोगरा_दारचा | १५ डिसेंबर, ७.५०

दादा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. आईनं वेगळी ठेवलेली ती दोन झाडं डोळ्यांसमोर आली. जमलं तर त्यांचंही बी धरा. तुमच्या घरी त्याला काही नाव आहे का?

---

नारायणगावचा_पोरगा | १५ डिसेंबर, १३.०२

आई त्याला नुसतं "घरचं" म्हणते.

---

मांडवीकाठची | १५ डिसेंबर, १६.४०

गोव्यातून लिहिते. आमच्याकडे वेगळंच दुखणं. झाड सकाळी हिरवंगार, दुपारी मान टाकतं, पाणी घातलं तरी उठत नाही, तीन दिवसांत खलास. पान पिवळंसुद्धा पडत नाही. सलग तीन वर्षं झालं. कोणी म्हणालं मुळं कुजली, कोणी म्हणालं नजर लागली.

---

कुंडीतली_शेती | १५ डिसेंबर, १८.१५

@मांडवीकाठची, हा जिवाणूजन्य मर रोग असावा. कोकण-गोव्याच्या आम्लधर्मी जांभ्या मातीत तो फार. घरी तपासता येतो. मेलेल्या झाडाचं जमिनीलगतचं बोटभर खोड आडवं कापा आणि स्वच्छ पाण्यानं भरलेल्या काचेच्या पेल्यात टोक बुडवून धरा, हलवू नका. दोन-तीन मिनिटांत कापावरून दुधाळ धागा खाली ओघळताना दिसला तर तोच.

औषध असं नाही. त्या जागी टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा यांतलं काहीच काही वर्षं लावू नका. कुंडीत नवी माती घ्या. नाहीतर या रोगाला दाद न देणाऱ्या वांग्याच्या रोपावर टोमॅटोचं कलम करा. दोघं एकाच घराण्यातले आहेत, जुळतात छान.

---

स्वयंपाकघरातून | १६ डिसेंबर, १०.२०

साठवण्याबद्दल कोणीच बोलत नाहीये म्हणून लिहिते. एवढं काय कठीण आहे? धुवायचे, पुसायचे, फ्रिजमध्ये ठेवायचे. चाळीस वर्षं संसार केला, टोमॅटो फ्रिजमध्येच ठेवले, पंधरा दिवस टिकतात.

---

पानापानांत | १६ डिसेंबर, १०.५५

काकू, टिकतात हे खरं. चव टिकत नाही. बारा अंशांच्या खाली गेलं की टोमॅटोतली सुगंध तयार करणारी यंत्रणा मंदावते. २०१६ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठातल्या अभ्यासकांनी हे जनुकांच्या पातळीवर दाखवलं. आठवडाभर थंडीत राहिलेलं फळ नंतर बाहेर ठेवलं तरी तो वास पूर्ण परत येत नाही. साखर आणि आंबटपणा तसाच राहतो, म्हणून आमटीत फरक कळत नाही. कोशिंबिरीत कळतो.

---

स्वयंपाकघरातून | १६ डिसेंबर, ११.३०

आणि एप्रिलमध्ये घरात ३७ अंश असताना? बाहेर ठेवला तर संध्याकाळपर्यंत माशा जमतात.

---

कुंडीतली_शेती | १६ डिसेंबर, १२.१०

काकूंचा मुद्दा रास्त आहे. बाहेर ठेवा हा सल्ला थंड देशांतला, जसाच्या तसा उचलून चालत नाही. तीस अंशांच्या वर टोमॅटोत लाल रंग नीट तयारच होत नाही, फळ पिवळट-नारिंगी राहून मऊ पडतं. मी काय करते ते सांगते.

झाडावर पूर्ण लाल होऊ देत नाही. बुडाकडे पहिली गुलाबी झाक आली की तोडायचं. तोपर्यंत झाडाकडून फळाला जे मिळायचं ते जवळजवळ सगळं मिळालेलं असतं, पुढचं पिकणं ते आपलं आपण करतं. पातळ सालीच्या वाणांना हा मोठा फायदा, तडे जात नाहीत आणि बुलबुलही आधी पोचत नाही. मग फळं देठाची बाजू खाली करून, एकमेकांना न टेकवता, एकाच थरात ठेवायची. ओलावा बाहेर जातो तो देठाच्या खाचेतून, ती खाली दबली की फळ सुरकुतत नाही. खिडकीच्या उन्हात नको, पिकायला ऊन लागत नाही. उन्हाळ्यात मी माठाशेजारी फरशीवर ओल्या गोणपाटाजवळ परडी ठेवते. घाई असेल तर एक केळं सोबत ठेवायचं.

आणि एप्रिलमध्ये पूर्ण पिकलेली फळं उरली तर फ्रिजमध्ये दोन दिवस ठेवा, खायच्या आधी तासभर बाहेर काढा. कुजण्यापेक्षा ते बरं.

---

स्वयंपाकघरातून | १६ डिसेंबर, १२.४५

हे पटलं. देठ खाली करून ठेवायचं माहीत नव्हतं, आजच करून बघते.

---

मॅडिसनकर | १७ डिसेंबर, ५.३० (इथली संध्याकाळ)

विस्कॉन्सिनहून रामराम. इथे आमच्याकडे हंगाम मे अखेर ते सप्टेंबर, मग कडाक्याचं, गोठणारं दव पडतं आणि एका रात्रीत झाडं काळी पडतात. म्हणून साठवणं हाच इथला अर्धा बागकामाचा विषय.

मी चेरोकी पर्पल आणि ब्रँडीवाइन ही इथली वारसा वाणं लावतो. चेरोकी पर्पल कापलं की आत मातकट जांभळा रंग, वजन पाव ते अर्धा किलो, आणि हिरवे खांदे अगदी मोगराताईंनी लिहिलेत तसेच. हे वाण १९९० साली टेनेसीतल्या एका माणसानं एका बागप्रेमीला पत्रातून बी पाठवलं म्हणून आज जगभर आहे. एका लिफाफ्यावर सगळं अवलंबून होतं. शेजारच्या आयोवा राज्यात डेकोरा गावात बी जपणाऱ्यांची, १९७५ साली सुरू झालेली संस्था आहे, सभासद एकमेकांना घरची वाणं पाठवतात.

दव पडायच्या आदल्या दिवशी सगळी हिरवी फळं उतरवतो. चकाकी आलेली, पूर्ण वाढलेली फळं एकेक करून वर्तमानपत्रात गुंडाळून तळघरात खोक्यात. दर चार दिवसांनी उघडून बघायचं, सडलेलं एक निघालं तर लगेच काढायचं. नोव्हेंबर अखेरपर्यंत पुरतात. चव झाडावरच्यासारखी नाही, पण दुकानातल्यापेक्षा पुष्कळ बरी. बारकी हिरवी फळं मात्र पिकत नाहीत. त्यांची तीळ-शेंगदाण्याची चटणी, आईच्या पद्धतीची.

एक गंभीर सूचना. बाटलीबंद करून बाहेर ठेवणाऱ्यांनी लक्ष द्या. टोमॅटो आंबट, म्हणजे सुरक्षित, असं धरून चालू नका. सामू (पीएच, तो जितका जास्त तितका आंबटपणा कमी) ४.६ च्या वर गेला तर बंद बाटलीत जीवघेणं विष तयार करणारे जिवाणू वाढू शकतात, आणि काही जुनी वाणं, जास्त पिकलेली फळं त्या रेषेच्या आसपास असतात. इथल्या कृषी खात्याचं प्रमाण असं: सुमारे एक लिटरच्या बरणीला अर्धा चहाचा चमचा लिंबूसत्त्व किंवा दोन मोठे चमचे बाटलीतला लिंबूरस. मगच उकळत्या पाण्यात बरण्या बुडवून ठरलेला वेळ उकळायच्या. तेवढं नीट जमणार नसेल तर सरळ फ्रीझर वापरा.

---

वऱ्हाडी_ठेचा | १७ डिसेंबर, ८.१५

फ्रीझरला माझंही मत. अख्खे टोमॅटो धुऊन, पुसून, पिशवीत भरून गोठवा. लागेल तेव्हा काढून नळाखाली धरा, साल मोज्यासारखी उतरते. साराला आणि रश्श्याला उत्तम.

आणि आमच्या भागात ऊन काय कमी आहे? आई मे महिन्यात टमाटर उभे अर्धे कापून, बिया आणि पाणी काढून, मीठ चोळून सुपात कापलेली बाजू वर करून ठेवायची, वरून मलमलचं फडकं. संध्याकाळी आत, सकाळी बाहेर. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मोडलं की कट्टकन तुटेल इतकं वाळतं. चामट राहिलं तर बुरशी धरते, हे लक्षात ठेवायचं. काचेच्या बरणीत पावसाळाभर जातं. वरणात दोन फोडी टाकल्या की काम झालं.

---

अबोली_७ | १७ डिसेंबर, २०.०५

बुडाला काळा डाग पडतो त्यावर अंड्याची टरफलं टाकली, उपयोग झाला नाही. कोणी सांगेल का?

आणि एक अनुभव. दोन वर्षांपूर्वी ऑनलाइन वारसा वाणांचं सहा रंगांचं पाकीट मागवलं. काळा, पिवळा, पट्टेरी असे फोटो होते. सहाच्या सहा झाडांना एकाच मापाचे लाल गोल टोमॅटो आले. चार महिने पाणी घातलं, वाट पाहिली, फार वाईट वाटलं. विक्रेत्याला लिहिलं, उत्तर आलं नाही. त्यापेक्षा इथे ओळखीच्या माणसाकडून बी घेणं शंभर पटीनं बरं.

---

कुंडीतली_शेती | १७ डिसेंबर, २१.००

अबोली, तो डाग कॅल्शियम कमी पोचल्यामुळे पडतो, पण बहुतेक वेळा मातीत कॅल्शियम असतं. ते पाण्याबरोबरच फळापर्यंत जातं. एक दिवस कुंडी कोरडी, दुसऱ्या दिवशी बादलीभर पाणी, असं झालं की डाग पडतो. टरफलं विरघळायला कित्येक महिने लागतात. रोज ठरलेल्या वेळी पाणी, वर पाचोळ्याचं आच्छादन आणि वीस लिटरपेक्षा लहान कुंडी नको. फळ तडकण्याचं कारणही बहुतेकदा हेच.

---

मोगरा_दारचा | २८ डिसेंबर, २२.१०

सगळ्यांना कळवायचं होतं. पहिल्या घोसाची सात फळं उतरवली. चार बियाण्याला ठेवली. भिंगातून फुलं पाहिली, स्त्रीकेसराचं टोक किंचित बाहेर आहे. त्यामुळे पुढच्या घोसांवर पिशव्या चढवल्या आणि संकरित झाडं खालच्या मजल्यावरच्या काकूंना देऊन टाकली.

बी आंबवायला ठेवलं होतं आणि त्यात चूक झाली. वर पांढरी साय धरेपर्यंत ठेवायचं एवढं ऐकलं होतं. मध्ये दोन दिवस गावाला जावं लागलं. पाचव्या दिवशी आले तर पेल्यातच बियांना पांढरे मोड आले होते. पुष्कळ रडू आलं. आता दुसरा घोस येईपर्यंत थांबायचं.

---

पानापानांत | २८ डिसेंबर, २२.४०

ताई, मोड आले म्हणजे बी जिवंत आहे! आजीच्या चाळिसांत सात उगवले होते, आता बघा. त्यांतले काही लगेच ओल्या मातीत लावा, रोपं होतील.

पुढच्या वेळी असं करा. फळ आडवं कापून बिया आणि भोवतीचा बुळबुळीत रस पेल्यात पिळा, तेवढंच पाणी घाला, वर फडकं बांधा. त्या बुळबुळीतच बीला उगवू न देणारं द्रव्य असतं, आंबवून ते काढायचं. पुण्याच्या डिसेंबरात दोन ते तीन दिवस, नागपूरच्या मेमध्ये एक दिवस बास. बी दोन बोटांत चोळून बघा. निसटलं तर थांबा, खरखरीत लागलं तर झालं. मग भरपूर पाणी ओतून ढवळा. भरलेलं बी तळाशी बसतं, पोकळ आणि गर वर येतो, तो ओतून द्या. चहाच्या गाळणीत धुवा. ताटलीत पसरून सावलीत पंख्याखाली वाळवा, दिवसातून दोनदा बोटांनी मोकळं करा. कागदावर नको, चिकटून बसतं.

---

वऱ्हाडी_ठेचा | २९ डिसेंबर, ७.३०

आणि राख? आजी राखेतच ठेवायची ना.

---

पानापानांत | २९ डिसेंबर, ९.००

राख ओलावा ओढते आणि किडीला दूर ठेवते, आजीचं अगदी बरोबर होतं. तिच्याकडे फ्रिज असता तर तिनं तोही वापरला असता. बियांचा हिशेब असा सांगतात: आतला ओलावा एका टक्क्यानं कमी झाला की आयुष्य साधारण दुप्पट, साठवणीचं तापमान पाच अंशांनी उतरलं की पुन्हा दुप्पट. तेव्हा नीट वाळलेलं बी कागदी पुडीत, पुडीवर वाणाचं नाव आणि साल, पुड्या घट्ट झाकणाच्या बरणीत, तळाशी भाजून गार केलेले मूठभर तांदूळ, आणि बरणी फ्रिजमध्ये. काढल्यावर लगेच उघडायची नाही, खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, नाहीतर आत दव धरतं. स्वयंपाकघरातून काकू, फ्रिजचा मान राखला बघा, फळाला नाही पण बियांना!

---

खरं_ते_सांगतो | २९ डिसेंबर, ११.४५

आधी शंका काढली होती, पण धागा रोज वाचतो आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी घरातच गावरान बियाण्यांची बँक उभी केली, त्यांना २०२० सालची पद्मश्री जाहीर झाली. त्यांनी बी नुसतं जपलं नाही, गावोगावच्या बायकांना वाटलं. ताईंनीही एकाच घरात ठेवू नये असं वाटतं. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानं शेतकऱ्याला आपलं बी राखायचा, वापरायचा, देवाणघेवाण करायचा हक्कही दिलेला आहे. माझं नाव यादीत घ्या.

---

मोगरा_दारचा | १६ फेब्रुवारी, १८.२०

उशीर झाला, पण आता सांगण्यासारखं आहे.

पिशवीतल्या घोसांची एकोणीस फळं मिळाली. सगळ्यांचं बी पानापानांत यांच्या रीतीनं काढलं. या वेळी दर सकाळी बोटांत चोळून पाहिलं, तिसऱ्या दिवशी खरखरीत लागलं. वाळल्यावर वीस दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवले, आठव्या दिवशी अठरा उगवले. चार झाडांच्या चार पुड्या बरणीत आहेत. एक पुडी आईकडे आर्वीला गेली, थोडी राखेतच घालून पाठवली.

वाटण्यासाठी पंचवीस-पंचवीस दाण्यांच्या अकरा पुड्या केल्या आहेत. वऱ्हाडी_ठेचा, मांडवीकाठची, अबोली, खरं_ते_सांगतो आणि नारायणगावच्या दादांच्या आईसाठी एक, अशा पाच धरल्या. उरलेल्या ज्यांना हव्या त्यांनी खाजगी निरोपात पत्ता द्यावा. एकच विनंती, दोन घोस तरी पिशवीत धरा आणि पुढे दोन घरांना द्या.

आई मागच्या आठवड्यात आली होती. शेगडीवर भेदरं भाजून, खलबत्त्यात कुटून चटणी केली. तिनं एक घास घेतला, बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, मीठ कमी आहे. बाकी तेच.

---

नारायणगावचा_पोरगा | १६ फेब्रुवारी, २०.५०

आईला वाचून दाखवलं. ती पण तिच्या "घरचं"ची एक पुडी पाठवतेय तुम्हाला. पुडीवर नाव काय लिहू विचारलं तर म्हणाली, घरचंच लिही.

---

मांडवीकाठची | १७ फेब्रुवारी, ८.०५

पत्ता कळवला आहे. मेलेल्या झाडाचं खोड पेल्यात धरून पाहिलं होतं, दुधाळ धागा स्पष्ट दिसला. म्हणून काल वांग्याचं बी आधी पेरलं, त्याची रोपं सावकाश वाढतात. तुमची पुडी येईपर्यंत ती उगवून वर आलेली असतील, मग भेदरं पेरते. कलमाला दोघांची खोडं सारख्या जाडीची लागतात ना?

---

कुंडीतली_शेती | १७ फेब्रुवारी, ८.३०

हो, सारख्याच जाडीची. पेन्सिलीतल्या शिशापेक्षा किंचित जाड झाली की फोटो टाका, मग काप कसा द्यायचा ते सांगते.